भातशेतीतला ताप, फुटणाऱ्या पेशी आणि वाया गेलेले पाच आठवडे

पार्श्वभूमी

आमच्या रुग्णालयाच्या वॉर्डात सगळे या रुग्णाला आबा म्हणायचे, म्हणून इथेही तेच नाव ठेवतो. ओळख पटू नये यासाठी गाव, वय आणि बारीकसारीक तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम मात्र तोच आहे, कारण या प्रकरणात सगळा अर्थ क्रमालाच आहे.

आबा ५४ वर्षांचे. दक्षिण कोकणातले शेतकरी, दीड एकर भात आणि थोडी काजूची कलमे. मुलगा मुंबईला नोकरीत. मधुमेह ११ वर्षांचा. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या ग्लायबेन्क्लामाइड आणि मेटफॉर्मिन या दोन गोळ्या ते नेमाने घेत, पण साखर तपासली जायची वर्षा-दीड वर्षातून एकदा.

जुलैत लावणी झाली. दहा-बारा दिवस ते गुडघाभर चिखलात अनवाणी होते आणि उजव्या टाचेला जुनी भेग होती. लावणी आटोपता आटोपता ताप भरला. जवळच्या दवाखान्यात दोन दिवस लागोपाठ एकेक इंजेक्शन मिळाले आणि ताप दीड दिवस गेला. काय दिले ते चिठ्ठीवर नव्हते. त्यांच्या पत्नीने रिकामी कुपी मात्र जपून ठेवली होती, आणि पुढे तिचा आम्हाला फार उपयोग झाला. ते डेक्सामेथासोन होते, म्हणजे स्टिरॉइड.

ताप परत आला, खोकला सुरू झाला. एक्स-रेत डाव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसला. थुंकीत क्षयाचे जंतू दोनदा शोधले, मिळाले नाहीत. सीबीनॅट ही क्षयाच्या जंतूची जनुकीय चाचणीही निगेटिव्ह आली. तरीही मधुमेह, वरच्या भागातला डाग आणि घटते वजन एवढ्यावर क्षयाचे निदान ठरले आणि चार औषधांचा कोर्स सुरू झाला. पाच आठवडे आबांनी एकही गोळी चुकवली नाही. चतुर्थीला मुलगा मुंबईहून आला तेव्हा वडील ओटीवर भिंतीला टेकून बसले होते आणि आरतीला उभे राहणेही त्यांना जमत नव्हते. दीड दिवसाचा गणपती पोचवून तो त्यांना थेट आमच्याकडे घेऊन आला.

आमच्याकडे आले तेव्हा

ताप १०३, नाडी १२४, रक्तदाब १००/६०. साखर ३४८ आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारे एचबीए१सी ११.४. वजन नऊ किलोने उतरलेले. पोटाच्या डाव्या बाजूला, बरगडीखाली हात लावू देत नव्हते. लघवीला जोर करावा लागतो असेही ते म्हणाले, पण वयामुळे असेल असे स्वतःच ठरवून मोकळे झाले होते.

आबांच्या पत्नी एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होत्या : "गोळये एक दिवस चुकवल्यानी नाय, तरी ताप काय जाणा नाय." रुग्णाच्या घरच्यांच्या बोलण्यात निदान दडलेले असते, हे आपण शिकतो आणि विसरतो. औषध नियमित चालू असताना पाच आठवडे ताप हटत नसेल तर शक्यता दोनच. औषध त्या जंतूवर चालत नाही, किंवा जंतूच दुसरा आहे. आमच्या चर्चेत पहिली शक्यता, म्हणजे औषधांना न जुमानणारा क्षय, फार वेळ पुढे राहिली. दुसरी मागे पडली.

सोनोग्राफीत प्लीहेत बारीक बारीक गळवे दिसली आणि यकृतात एक मोठे, आतून मधाच्या पोळ्यासारखे कप्पे असलेले. रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी, दोन ठिकाणांहून घेतले आणि पहिल्या रात्री सेफ्ट्रिआक्सोन व मेट्रोनिडाझोल सुरू केले. यकृताच्या गळवासाठी आमच्या भागात सर्रास हीच जोडी देतात. क्षयाच्या गोळ्या थांबवल्या नाहीत. तोंडाने घ्यायच्या मधुमेहाच्या गोळ्या बंद करून इन्सुलिन लावले.

या निर्णयांतला एक चुकीचा होता. सेफ्ट्रिआक्सोन प्रयोगशाळेतल्या चाचणीत, औषधाच्या चकतीभोवती, या जंतूला कधी कधी रोखताना दिसते, पण प्रत्यक्ष रुग्णांत त्याचे निकाल वाईट आहेत. अर्थात त्या रात्री 'हा जंतू' कोणता हेच आम्हाला ठाऊक नव्हते.

प्रयोगशाळेतून आलेला फोन

तिसऱ्या दिवशी दोन्ही कल्चरमध्ये ग्रॅम-निगेटिव्ह जंतू वाढला. पहिला तोंडी निरोप आला तो 'स्यूडोमोनास प्रजाती, बहुधा बाहेरून मिसळलेला' असा. तो निरोप तसाच फाइलला लागला असता तर हे लिहायची वेळ आली नसती, आणि आबाही राहिले नसते.

आमच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मॅडमनी संध्याकाळी प्लेट स्वतः पाहिली. जेंटामायसिन आणि पॉलिमिक्सिनच्या चकत्यांभोवती जंतू थेट कडेपर्यंत वाढला होता, म्हणजे ती औषधे त्याच्यावर चालत नव्हती, आणि को-अमॉक्सिक्लावच्या चकतीभोवती मात्र मोकळे वर्तुळ होते. नेहमीच्या स्यूडोमोनासचे चित्र बरोबर याच्या उलट असते. स्लाइडवर जंतूची दोन्ही टोके गडद आणि मध्य फिका, सेफ्टी पिनसारखा. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न जंतूबद्दल नव्हताच. "पेशंट भात लावतो का? आणि शुगर आहे का?" दोन्हींना हो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मेलिऑइडोसिस धरून चाला. नाव पक्के व्हायला आणखी दिवस जातील, तोवर थांबू नका."

मेलिऑइडोसिस हे नाव आपल्याकडच्या पुष्कळ डॉक्टरांनी परीक्षेपुरतेच वाचलेले असते. बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलिआय हा जंतू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो. पायाच्या जखमेतून, जोरदार पावसातल्या तुषारांतून श्वासावाटे, क्वचित पाण्यातून तो शरीरात शिरतो. रंगूनमध्ये आल्फ्रेड व्हिटमोर आणि त्यांचे सहकारी सी. एस. कृष्णस्वामी यांनी १९१२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. भारतातली पहिली नोंद १९९१ ची, मुंबईतली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजाप्रमाणे जगात वर्षाला सुमारे १,६५,००० लोकांना हा आजार होतो आणि त्यांतले ८९,००० दगावतात. त्यात सर्वांत मोठा वाटा दक्षिण आशियाचा आहे. निदान झालेले रुग्ण त्या मानाने अगदी मूठभर. उरलेले क्षय, टायफॉइड किंवा 'सेप्सिस' या नावांखाली कुठल्या कुठल्या नोंदवहीत पडलेले असणार.

त्याच रात्री आबांचा रक्तदाब ७० वर आला. प्लेटलेट्स १,४०,००० वरून ६२,००० वर घसरल्या, मूत्रपिंडाचे काम सांगणारे क्रिएटिनिन २.६ झाले. त्यांना अतिदक्षता विभागात हलवले.

पेशी स्वतःला का फोडते

पुढचे निर्णय समजायचे तर इथे थोडे थांबावे लागेल. हा जंतू रक्तात नुसता पोहत राहत नाही. मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणारी पेशी, त्याला गिळते. गिळलेला जंतू ज्या पिशवीत ठेवून पचवायचा ती पिशवीच तो फोडतो आणि पेशीच्या मोकळ्या गाभ्यात उतरतो. तिथे पेशीच्याच अ‍ॅक्टिन धाग्यांची शेपटी करून तो फिरतो आणि शेजारच्या पेशीला ढुशी देत दोन्ही पेशी एकमेकींत मिसळून टाकतो. अशा मिसळलेल्या पेशींमधून तो एका घरातून दुसऱ्या घरात जातो आणि त्याला अंगणात पाऊल टाकावे लागत नाही. बाहेर रक्तात फिरणाऱ्या प्रतिपिंडांना तो दिसतच नाही.

या लपण्यावर शरीराकडे एक जालीम उपाय आहे. घरच पाडायचे. पेशीच्या आत पहारेकरी प्रथिने असतात. एनएलआरसी४ हा पहारेकरी जंतूच्या सुईसारख्या यंत्रणेचे तुकडे ओळखतो. कॅस्पेज-४ हे विकर जंतूच्या कवचातल्या लिपोपॉलिसॅकराइडला स्वतःच चिकटते. उंदरात हेच काम कॅस्पेज-११ करते. इशारा मिळाला की काही पहारेकऱ्यांभोवती इन्फ्लमासोम नावाचा जुडगा जमतो आणि कॅस्पेज-१ जागे होते. कॅस्पेज-४ ला त्या जुडग्याचीही गरज लागत नाही. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात. गॅसडर्मिन-डी नावाचे प्रथिन मधोमध कापले जाते. त्याचा पुढचा तुकडा पेशीच्या पातळ आवरणाला आतून चिकटतो आणि असे तीसेक तुकडे गोल जमले की सुमारे २० नॅनोमीटरचे भोक पडते. त्या भोकांतून पाणी आत येते आणि आयएल-१ बीटा, आयएल-१८ हे दाहाचे निरोप बाहेर पडतात. पेशी फुगते. शेवटचे फाटणेही आपोआप होत नाही, निंज१ नावाचे दुसरे प्रथिन ते घडवून आणते, हे २०२१ मध्ये कळले.

या मरणाला पायरोप्टोसिस म्हणतात. कुकसन आणि ब्रेनन यांनी २००१ मध्ये ठेवलेल्या या नावात ग्रीक 'पायरो' म्हणजे आग आहे. त्याआधी सुमारे दहा वर्षे, १९९२ पासून, शिगेला जंतूने मारलेल्या मॅक्रोफेजचे मरण हे अ‍ॅपॉप्टोसिस, म्हणजे पेशीचे शांतपणे आवरून घेणे, समजले जात होते. गॅसडर्मिन-डीचा शोध २०१५ चा. त्या वर्षी बीजिंगमधल्या फेंग शाओ यांच्या गटाने आणि अमेरिकेतल्या विश्व दीक्षित यांच्या गटाने स्वतंत्रपणे तेच प्रथिन गाठले.

फुटलेल्या पेशीच्या सांगाड्यात जंतू बऱ्याचदा अडकून पडतो. लगेच पळून जाऊ शकत नाही. बाहेर पडलेल्या निरोपांमुळे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि सांगाड्यासकट त्याला खातात.

आबांच्या मुलाला मी हे समजावले तेव्हा जवळचा दाखला तरव्याच्या, म्हणजे भाताची रोपे करायच्या जमिनीच्या, भाजवळीचा होता. पेरणीआधी कवळ, पाला, शेण पसरून ती जमीन भाजतात, तण आणि त्याचे बी जळून जाते. पण भाजवळ संध्याकाळी, वारा पडल्यावर, कडेची जमीन साफ करून लावतात. भर वाऱ्यात लावली तर आग बांध ओलांडून काजूच्या बागेत शिरते. तो म्हणाला, "मग आबांच्या अंगात वारा सुटलाय." मला त्याहून चांगले सांगता आले नसते.

उंदरांवरच्या प्रयोगांत हे दोन्ही दिसले आहे. २०१३ मध्ये एडवर्ड मिआओ यांच्या गटाने दाखवले की कॅस्पेज-११ नसलेले उंदीर बर्खोल्डेरिया थायलँडेन्सिस या, एरवी निरोगी उंदरांना फारसे न बाधणाऱ्या, भाऊबंद जंतूनेही मरतात. म्हणजे ही आग हवी. पण तेच कॅस्पेज-११ नसलेले उंदीर लिपोपॉलिसॅकराइडच्या जीवघेण्या मात्रेतून जगतात, हे २०११ पासून ठाऊक आहे. म्हणजे शॉकमध्ये, रक्तदाब कोसळतो तेव्हा, प्राण घेते तीही हीच आग. २०१९ मध्ये आणखी एक दुवा जुळला. गॅसडर्मिनच्या भोकांमुळे पेशींतून टिश्यू फॅक्टर हे रक्त गोठवणारे प्रथिन बाहेर येते आणि रक्तवाहिन्यांत जागोजाग गुठळ्या धरतात. गुठळ्यांत प्लेटलेट्स खर्ची पडतात. आबांच्या प्लेटलेट्स एका रात्रीत निम्म्याहून खाली का आल्या याचे हे एकमेव कारण असेल असे मी म्हणणार नाही, पण आकडा पाहताना मला तेच आठवत होते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. फुफ्फुसातल्या मेलिऑइडोसिसवर २०११ मध्ये उंदरांत केलेल्या कामात आयएल-१८ आणि पेशींचे फुटणे संरक्षक ठरले, तर आयएल-१ बीटा घातक. आयएल-१८ मुळे गॅमा इंटरफेरॉन तयार होते आणि ते इतर पेशींतले कॅस्पेज-११ वाढवून त्यांना सज्ज ठेवते. आयएल-१ बीटा मात्र न्यूट्रोफिलांची गर्दी इतकी वाढवते की फुफ्फुसच खराब होते. एकाच भोकातून बाहेर पडणारे दोन निरोप, एक तारणारा आणि एक मारणारा. म्हणून 'दाह कमी करा' किंवा 'प्रतिकारशक्ती वाढवा' अशा सरसकट सल्ल्यांना या आजारात काही अर्थ उरत नाही.

समोरचे पर्याय

प्रतिजैविकाबद्दल वाद झाला नाही. नाव पक्के होण्याची वाट न पाहता मेरोपेनेम, एवढे मॅडमच्या फोनमध्येच ठरले होते. तब्येत इतकी बिघडली नसती तर सेफ्टाझिडिम चालले असते.

खरा वाद स्टिरॉइडवर झाला. रक्तदाब चढवायला दिलेल्या नॉरअ‍ॅड्रेनलिनची मात्रा वाढत होती. सेप्टिक शॉकमध्ये रक्तदाब औषधाने सावरत नसेल तर थोड्या मात्रेत हायड्रोकॉर्टिसोन देणे मार्गदर्शक सूचनांत बसते. पण हाच रुग्ण आजाराच्या पहिल्या आठवड्यात डेक्सामेथासोनच्या दोन सुया घेऊन आला होता. आग लहान असताना, तिची गरज असताना, तिच्यावर पाणी ओतले गेले होते. ताप दीड दिवस उतरला, त्या दीड दिवसात जंतूला मोकळीक मिळाली असावी. स्टिरॉइड घेणे ही मेलिऑइडोसिसची एक नोंदलेली जोखीम आहे. आमच्यातल्या एका सहकाऱ्याचे म्हणणे, आता पुन्हा तेच कशाला? माझे म्हणणे वेगळे होते. तेव्हा जंतूवर चालणारे औषध शरीरात नव्हते, आज असेल. रिकाम्या शेतातली आग विझवणे आणि बागेत शिरलेली विझवणे या दोन गोष्टी आहेत.

आयएल-१ अडवणारे औषध द्यावे का, असा प्रश्न एका तरुण डॉक्टरने विचारला. उंदरांचे निकाल पाहता प्रश्न रास्त होता. पण मेलिऑइडोसिसच्या रुग्णांत त्याची चाचणी झालेली नाही आणि ते औषध आमच्याकडे हाताशीही नव्हते. तो विषय तिथेच संपला.

ग्लायबेन्क्लामाइडचा प्रश्न मात्र मला अनेक दिवस सोडत नव्हता. एनएलआरपी३ नावाचा आणखी एक पहारेकरी आहे. पेशीतून पोटॅशियम गळू लागले की तो जागा होतो. ग्लायबेन्क्लामाइड त्याला दाबते, हे २००९ मध्ये दिसले, आणि तेही स्वादुपिंडातल्या आपल्या नेहमीच्या मार्गाने नव्हे. त्यानंतर २०११ मध्ये ईशान्य थायलंडमधल्या उबोन राचाथानीच्या १,१६० मेलिऑइडोसिस रुग्णांचा अभ्यास आला. तिथे आधीपासून ग्लायबेन्क्लामाइड घेणाऱ्या मधुमेही रुग्णांत मृत्यूचे प्रमाण कमी होते. पुढे उंदरांतही या औषधाने जंतूचा फैलाव कमी झाला.

आबा ११ वर्षे तीच गोळी घेत होते आणि पहिल्या रात्री आम्ही ती थांबवली. तिसऱ्या रात्री शॉक. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मन नको तिकडे जाते. गोळी परत सुरू करावी का? आम्ही नाही म्हटले, आणि आजही तेच म्हणेन. क्रिएटिनिन २.६ असताना हे औषध शरीरात साठते आणि साखर धोकादायक खाली जाते, बेशुद्ध रुग्णात ते लवकर कळतही नाही. थायलंडचा अभ्यास निरीक्षणाचा होता, औषध नव्याने देऊन पाहण्याचा नव्हता. शिवाय एनएलआरपी३ दाबायला प्रयोगशाळेत लागलेली मात्रा मधुमेही रुग्णाच्या रक्तात असते त्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे.

याच विचारात एक दुसरी गोष्ट मात्र हाती लागली आणि ती पक्की होती. रिफॅम्पिसिन यकृतातली विकरे वाढवते, त्यामुळे ग्लायबेन्क्लामाइड शरीरातून झपाट्याने नाहीसे होते. पाच आठवडे आबा मधुमेहाची गोळी गिळत होते आणि क्षयाची गोळी तिचा परिणाम खाऊन टाकत होती. साखर ३४८ वर का गेली याचा निदान काही भाग तरी यात आहे. वाढलेल्या साखरेत न्यूट्रोफिल नीट धावत नाहीत, नीट गिळत नाहीत. पेशी फुटून हाका मारतात आणि मदतीला येणारे लंगडत येतात. नसलेल्या क्षयावरच्या उपचाराने असलेल्या आजाराला असा हातभार लावला.

काय केले

रात्री साडेदहाला मेरोपेनेमचा पहिला डोस गेला. क्षयाच्या गोळ्या त्याच रात्री थांबवल्या. हायड्रोकॉर्टिसोन ५० मिलिग्रॅम दर सहा तासांनी, पण मेरोपेनेमचे दोन डोस झाल्यावरच आणि फक्त तीन दिवस. 'आधी मारेकरी, मग पाणी' असे एका सिस्टरांनी ड्युटीच्या फळ्यावर लिहिले होते. इन्सुलिन शिरेतून, तासातासाला साखर.

दुसऱ्या दिवशी सीटी स्कॅन केले. लघवीच्या तक्रारीकडे परत वळलो ते इथे, आणि उशिराच. प्रोस्टेटमध्ये साडेतीन सेंटिमीटरचे गळू होते. मेलिऑइडोसिसमध्ये पुरुष रुग्णांच्या प्रोस्टेटकडे मुद्दाम पाहावे लागते, कारण ते गळू काढल्याशिवाय नुसत्या औषधाने सहसा आटोक्यात येत नाही. मूत्ररोग तज्ज्ञांनी चौथ्या दिवशी त्यातला पू काढला. यकृतातल्या मोठ्या गळवात नळी टाकली. प्लीहेतली बारीक गळवे मुद्दाम सोडून दिली, ती औषधाने विरतात.

पुवातही तोच जंतू वाढला. मोठ्या संदर्भ प्रयोगशाळेने आठवड्याभराने बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलिआय असे पक्के कळवले. दरम्यान आमच्या प्रयोगशाळेतल्या दोघांनी सुरुवातीच्या प्लेट्स उघड्या टेबलावर हाताळल्या होत्या. त्यांची जोखीम तोलली, एकाला २१ दिवस को-ट्रायमॉक्साझोल दिले. दोघांनाही काही झाले नाही.

सहाव्या-सातव्या दिवशी नवा पेच उभा राहिला. रक्तदाब सावरला, नॉरअ‍ॅड्रेनलिन बंद झाले, पण ताप रोज संध्याकाळी १०२. मुलगा विचारत होता, औषध लागू पडतेय ना? बाहेरच्या एका तज्ज्ञाने फोनवर प्रतिजैविक बदलण्याचा सल्ला दिला. आम्ही बदलले नाही. मेलिऑइडोसिसमध्ये योग्य औषधावरही ताप उतरायला आठवड्याहून जास्त लागणे नेहमीचे आहे. जंतू पेशींच्या आत दडलेला, पेशी अजून फुटताहेत, निरोप अजून सुटताहेत. तापाकडे न पाहता लघवी, प्लेटलेट्स, भूक आणि नव्याने घेतलेले कल्चर यांकडे पाहायचे असे ठरवले. आठव्या दिवसाचे कल्चर निर्जंतुक आले. त्या दिवसात घरच्यांशी रोज संध्याकाळी दहा मिनिटे बोलणे हाही उपचाराचा भाग होता. तसे बोललो नसतो तर त्यांनी आबांना दुसरीकडे हलवले असते असे मला वाटते.

परिणाम

ताप अकराव्या दिवशी उतरला. प्लेटलेट्स दोन आठवड्यांत २ लाखांवर, क्रिएटिनिन १.२. मेरोपेनेम तब्येत सावरल्यावर सेफ्टाझिडिममध्ये बदलले आणि प्रोस्टेटमधला पू काढल्यापासून चार आठवडे शिरेतून औषध चालू ठेवले. त्यानंतर को-ट्रायमॉक्साझोल तीन महिने, वजनाप्रमाणे पूर्ण मात्रेत, सोबत फॉलिक अ‍ॅसिड. पहिल्या महिन्यात पोटॅशियम ५.६ पर्यंत चढले, मात्रा थोडी कमी करून दर आठवड्याला रक्त तपासले. गोळ्या मध्येच सोडल्या तर आजार उलटतो हे मुलाने मुंबईहून रोज फोन करून सांभाळले.

भात कापणीला आला तेव्हा आबा वॉर्डातच होते. भावाने आणि शेजाऱ्यांनी कापून, झोडून घरात आणला. जानेवारीत औषध संपले तेव्हा गेलेल्या नऊपैकी सात किलो वजन परत आले होते आणि एचबीए१सी ७.३ होते. सहा महिन्यांनंतरच्या तपासणीत प्लीहा स्वच्छ होती.

खर्चाचेही लिहायला हवे. मेरोपेनेमचे दिवस योजनेत बसवता आले, सीटी आणि मुंबईहून येण्याजाण्याचा खर्च घरच्यांवर पडला. काजूची चार कलमे त्यासाठी गहाण पडली. पाच आठवडे आधी निदान झाले असते तर प्रोस्टेटपर्यंत आणि अतिदक्षता विभागापर्यंत गोष्ट गेली नसती असे मी खात्रीने म्हणू शकत नाही, पण मला तसेच वाटते.

पुन्हा तसाच रुग्ण आला तर

सीबीनॅट निगेटिव्ह असताना क्षयाचा कोर्स सुरू करणे ही नेहमीच चूक नसते. कधी कधी तेच करावे लागते. पण तेव्हाच्या फाइलमध्ये 'दोन आठवड्यांत ताप न उतरल्यास निदान पुन्हा तपासणे' असे एक वाक्य हवे होते. आणि त्याआधी रक्ताचे एक कल्चर. मधुमेह, शेतीचा चिखल आणि पावसाळ्यातला न्यूमोनिया हे तीन एकत्र दिसले की आम्ही आता कल्चर घेतल्याशिवाय पहिले प्रतिजैविक देत नाही.

पहिल्या रात्रीबद्दल मला अजून अस्वस्थ वाटते. सोनोग्राफीत यकृताचे गळू मधाच्या पोळ्यासारखे दिसते असे अहवालात लिहिलेले होते, प्लीहेतही गळवे होती, लघवीची तक्रार मी स्वतःच्या हाताने लिहून घेतली होती. तिन्ही एकाच कागदावर असताना मी सेफ्ट्रिआक्सोन लिहिले. प्लीहेत गळवे आणि मधुमेह एवढ्यावरही मेरोपेनेम किंवा सेफ्टाझिडिम सुरू करून दोन दिवसांनी कल्चर पाहून साध्या औषधावर उतरता आले असते. तीन दिवस त्यात गेले.

स्टिरॉइडच्या निर्णयावर आमच्यात अजूनही एकमत नाही. सहकारी म्हणतात, मेरोपेनेमने जे केले त्याचे श्रेय हायड्रोकॉर्टिसोनला देऊ नका. बरोबर आहे. एका रुग्णावरून ते ठरत नाही. आबांच्या रक्तात आयएल-१८ किती आणि आयएल-१ बीटा किती हे मोजता आले असते तर निदान बोलायला काही आधार मिळाला असता. जिल्ह्याच्या ठिकाणी ती सोय नाही. पेशींच्या आगीबद्दल आज जितके कळले आहे आणि खाटेजवळ जितके मोजता येते त्यांच्यातले अंतर फार मोठे आहे. तोवर आमच्या हाती आग लावण्या-विझवण्यापेक्षा तणाचे नाव लवकर शोधणे आहे.

ग्लायबेन्क्लामाइड आबांना परत दिले नाही. इन्सुलिन आणि मेटफॉर्मिनवर साखर चांगली राहते आहे, मूत्रपिंडाला एकदा मार बसून गेला आहे. मधुमेही शेतकऱ्याला पहिली गोळी कोणती द्यावी हे मेलिऑइडोसिसच्या एका निरीक्षणावरून ठरवायचे का, असे मला विचारले तर आज उत्तर नाही असेच आहे.

निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणी-प्रणालीवरची त्यांची नोंद 'निदान बदलले' असे लिहून बंद केली. प्रयोगशाळेत मॅडमनी एक कागद चिकटवला आहे : जेंटामायसिन नाही, पॉलिमिक्सिन नाही, को-अमॉक्सिक्लाव हो, म्हणजे आधी मला फोन करा. त्या पावसाळ्यानंतर त्या कागदामुळे आणखी दोन रुग्ण सापडले. त्यांतला एक आमच्याकडे आला तो क्षयाच्या उपचाराच्या दुसऱ्याच आठवड्यात.

पुढच्या जुलैत आबा लावणीला जाऊ का विचारायला आले. टाचेची भेग भरलेली होती. गमबूट घालून, जखम नसेल तेव्हा, आणि वादळी पावसात नाही, असे सांगितले. पत्नी म्हणाल्या, गमबूट चिखलात रुतून बसतात. आबा म्हणाले, रुतू देत. त्या वर्षी तरवा त्यांनी बांधावर उभे राहून भावाकडून लावून घेतला, आणि ताप आला नसतानाही ऑगस्टमध्ये साखर तपासायला स्वतःहून आले.